चांदीला आलेली लाली

मामाजी, गेले काही आठवडे चांदीला लाली येते आहे आणि कारण सापडत नाही. विचारावं असं इथे कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. सुनेने सासऱ्याला पत्र लिहायची आपल्या घरात रीत नव्हती, पण आता रीत मोडली म्हणून रागावणारंही कोणी नाही. भर दुपार आहे, लाइट गेलेली आहे. लाइट गेली की पत्र्यावर बसलेली चांदी परत तेजाबात विरघळायला लागते, म्हणून आधी टबातला पत्रा बाहेर काढला, धुतला, भिंतीला उभा करून ठेवला आणि मग कागद घेतला. ही सवय तुमचीच. आधी टब, मग बाकीचं जग. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. मामीजीही तुमच्यामागे फार थांबल्या नाहीत. गल्लीत नवी दुकानं आली आहेत, तिथली पोरं तुम्हाला ओळखत नाहीत. मला ती चांदीवाली भाभी म्हणतात आणि माझ्या काळ्या पडलेल्या बोटांकडे चोरून बघतात. तुमचा मुलगा बिलासपूरकडे रेल्वेत आहे. सणावाराला येतो, झोप काढतो, आणि जाताना सांगतो की दुकान भाड्याने देऊन टाक, मोकळी हो. नात नागपूरला फार्मसी शिकते. गोंदियाबाहेर, कुडव्याच्या घरात मी एकटीच. सकाळी डबा भरते, गाडी काढते, दुकानात येते, संध्याकाळी परत जाते. दिवसभरात बोलणं होतं ते गिऱ्हाइकाशी, तेही बहुतेक हिंदीतून.

झालं असं की चांदीचा भाव चढला तशी लोकांनी घराघरांतून जुने पैंजण, वाळे, तोडे बाहेर काढले. सराफा लाइनीतले ते शेठ, ज्यांच्या वडिलांपासून आपल्याकडे जुन्या दागिन्यांची मोड शुद्ध व्हायला येते, त्यांनी पिशव्याच्या पिशव्या पाठवल्या. दिसायला चांदी, आत तांबंच तांबं. मी सगळं वितळवलं, लगडी ओतल्या, कापडी पिशवीत घालून टबातल्या तेजाबात टांगल्या, करंट सोडला, आणि पत्र्यावर बसलेले चांदीचे दाणे खरवडून, धुऊन, वाळवून दिले. शेठ ते परत घेऊन स्वतः चालत आले. काउंटरवर कागद पसरला, त्यावर दाणे ओतले, कागद उजेडाकडे तिरपा केला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, माल में लाली है. एक बार और देख लो, नहीं तो मुझे सब रायपुर भेजना पड़ेगा." वाईट बोलले नाहीत. चहा घेतला, तुमची आठवण काढली. पण त्यांचं काम गेलं तर या दुकानात बसून मी करायचं काय? बाकी येतं ते सगळं चिल्लर. शेठचा माल रायपूरच्या वाटेला लागला की तुमचा मुलगा म्हणतो तेच करावं लागेल, आणि मग मी दिवसभर कुडव्याच्या घरात बसून भिंतींशी बोलेन.

मग तुम्ही शिकवलेल्या क्रमाने सगळं तपासत गेले. आधी टबाला वीज देणाऱ्या रेक्टिफायरचा करंट उतरवला, कारण तो जास्त झाला की चांदी दाणेदार न बसता काळपट भुकटी होऊन बसते आणि भुकटी टबातलं पाणी धरून ठेवते. फरक पडला नाही. मग पिशव्या पाहिल्या. पिशवीला भोक असेल तर लगडीतला काळा गाळ बाहेर निसटतो आणि दाण्यांत मिसळतो. पिशव्या एकेक करून उन्हाकडे धरल्या, विरलेल्या फेकल्या, नव्या शिवल्या. मग पत्र्यावरचे काटे. चांदी वाढताना सुयांसारखी लांब होत जाते आणि समोरच्या पिशवीला टेकली की शॉर्ट होतो, म्हणून हातात लाकडी पट्टी घेऊन ते काटे मोडत बसले. तारांची टोकं घासून चकचकीत केली. दाणे धुण्यात तर मी हद्द केली. गरम पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, शेवटच्या पाण्यात अमोनियाचा थेंब टाकून तांब्याचा निळेपणा येतो का ते पाहिलं. नाही आला. तरी दुसऱ्या दिवशी पत्र्यावर तीच फिकी गुलाबी झाक. दर वेळी मी मोठ्याने विचारते, मामाजी, आता काय पाहू? समोरच्या बांगडीवाल्याला वाटतं मी फोनवर बोलते आहे.

तुम्ही मला या टबापाशी आणलंत ते काही मी हुशार म्हणून नव्हे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलायचात, आणि रंग कळेनासे झाले होते. रंग कळत नाहीत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले आहे. सून चुलीपाशी असताना सासऱ्याने तिकडे फिरकायचं नाही हा मामीजींचा नियम, आणि तुम्ही दारात येऊन उभे राहता, हातात वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर चांदीचे दाणे. "बाई, हे पांढरे हायेत का लाल?" मी डोक्यावरचा पदर सावरत सांगितलं, थोडे लाल आहेत. तुम्ही कागदाची पुडी केली आणि परत गेलात. मला वाटलं माझं काही चुकलं. दुसऱ्या दिवशी मामीजींसमोरच म्हणालात, सून उद्यापासून दुकानात येईल, हाताने काही करायचं नाही, नुसता रंग सांगायचा. मामीजींनी भांडी आपटली. सराफ्यात सून बसवायची म्हणजे घरातले पुरुष मेले का, असंही म्हणाल्या. तुम्ही जेवत राहिलात.

नुसता रंग सांगायचा म्हणता म्हणता तुम्ही सगळंच शिकवलंत. करंट लगडीतून चांदी सोडवतो आणि पत्र्यावर नेऊन बसवतो. तांबंही सुटतं, पण ते पाण्यातच राहतं आणि पाण्याला निळं करत जातं. थोडं आहे तोवर ते गप्प असतं. फार झालं की चांदीच्या मागोमाग तेही पत्र्यावर जाऊन बसतं. म्हणून दर आठवड्याला प्लास्टिकचा एक जग भरून टबातलं जुनं पाणी काढायचं आणि एक जग नवं घालायचं. पूर्ण पाणी तुम्ही कधी बदलत नव्हता. घरात विरजण ठेवतात तसं ते चालत आलेलं होतं, कधीचं कोणास ठाऊक. निळेपणा किती वाढला ते पाहायची तुमची एक रीत होती. काचेच्या ग्लासात टबातलं पाणी घ्यायचं, ग्लास चहाच्या बशीवर ठेवायचा आणि वरून पाहायचं. बशीवर छापलेलं गुलाबाचं फूल दिसलं तर ठीक. तुम्हाला फूल कधीच दिसत नव्हतं, म्हणून मला विचारायचात, फूल आहे का? आहे म्हटलं की तुमचा चेहरा खुलायचा.

रागावलात मात्र एकदाच. मोठा टब नवा आणला होता. घरून मामीजी पूजेला आल्या होत्या. जुन्या टबातलं थोडं पाणी आणि बाकी नवं असं मिळून आत ओतलेलं, अगदी नितळ. नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून मामीजींनी मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि टबावरून ओवाळायला लागल्या. मी झाकण धरून उभी. त्या पाण्यात मीठ पडलं तर काय होतं ते मला माहीत होतं, बोरच्या पाण्याच्या थेंबानेसुद्धा काय होतं ते तुम्ही मला दाखवलं होतं. पण सासूचा हात धरायचा कसा? मूठ जराशी सैल झाली आणि चिमूटभर मीठ आत गेलं. डोळ्यांदेखत पाणी दुधासारखं पांढरं झालं. मामीजी घाबरल्या, त्यांना वाटलं कोणाची तरी नजरच पाण्यात उतरली. तुम्ही त्यांना रिक्षा बोलावून घरी पाठवलंत. मग माझ्याकडे वळलात.

"तुले माहीत होतं ना? मंग काऊन चूप रायली?"

मी म्हटलं, मामीजी होत्या.

"घरात तिले भे, मी नाई म्हणत नाई. इथं टबापाशी कोनाले भेऊ नको. मलेही नाई. जे दिसते ते सांगाचं, त्याच्यासाठी तुले आनलं."

मी मोरीत जाऊन रडले. माझं माहेर नवेगाव बांधकडचं, तिथे बापाने कधी आवाज चढवला नव्हता. बाहेर आले तर तुम्ही जमिनीवर बसून ते पांढरं पाणी फडक्यातून गाळत होता आणि फडक्याचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मी धरलं. तळाचा पांढरा साका तुम्ही जपून ठेवलात, कारण ती आपलीच चांदी होती. पुढच्या खेपेला मामीजींना सांगितलंत, झाकण लावून मग काय ओवाळायचं ते ओवाळ. त्यांनी तसं केलं, वर मलाच ऐकवलं की झाकण लावायचं तुला आधी सुचलं नाही का.

तुमची गंमत आठवली की अजून हसू येतं. आपण सगळे बोदलकसाला गेलो होतो, नात लहान होती, तुम्हाला तिथली मासळी खायची होती. तलावाच्या काठी बसल्यावर तुम्ही शर्टाच्या खिशातून इंजेक्शनची छोटी बाटली काढलीत. टबातलं पाणी! ओंजळभर तलावाचं पाणी वाटीत घेऊन त्यात थेंब सोडलात आणि वाटी माझ्यासमोर धरलीत. दूध येऊन रायलं का? फारच थोडं येत होतं. जाळी सावरणारे दोघे तुमच्याभोवती येऊन बसले, त्यांना वाटलं तुम्ही सरकारी माणूस, पाणी खराब म्हणून सांगायला आलेले. तुम्ही म्हणालात, गोंदियाच्या बोरपेक्षा तुमचं पाणी चांगलं आहे, आणि त्यांनी खूश होऊन मासळी निवडून दिली. टबात घातलं मात्र आपण कायम बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल पाणीच. मामीजी परतीच्या वाटेत म्हणाल्या, हा माणूस स्मशानातही बाटली काढेल.

आणि ते स्टूल. तुमच्या उंचीचं स्टूल मला उंच व्हायचं, पाय लोंबकळायचे, पाठ भरून यायची. मी काही बोलले नव्हते. एक दिवस सकाळी दुकान उघडलं तर टबाशेजारी दुसरं स्टूल, बुटकं, बसायला सागाची फळी, कडा घासून गोल केलेल्या, साडी अडकू नये म्हणून. तुम्ही सुतारासमोर हाताने माझी उंची दाखवली असणार. मला म्हणालात, बसून पाह्य. मी बसले, पाय जमिनीला टेकले. मला माहेरून आणि सासरहून मिळालेल्या वस्तूंमध्ये एवढी बेतून केलेली दुसरी कुठली नाही. आत्ता त्यावरच बसून लिहिते आहे. तुमचं स्टूल समोर आहे, त्यावर पिशव्या वाळत घातल्या आहेत.

काल नातीचा फोन आला होता. मी तिला लालीचं सांगितलं. तिने सरळ विचारलं, आई, पाणी शेवटचं कधी बदललंस? मी म्हटलं, बदलते थोडं थोडं. थोडं म्हणजे किती? मी सांगितलं की आजोबांचं पाणी आहे, ते असं एकदम टाकून देत नसतात. ती म्हणाली, "आई, त्यात आजोबा नाहीत गं. तांबं आहे." मला इतका राग आला की मी फोन ठेवला. तुमच्यावरच गेली आहे ती, दिसेल ते बोलते.

इथवर लिहिलं आणि लाइट आली. पत्र ड्रॉवरमध्ये गेलं आणि बरेच दिवस तिथेच राहिलं. आज पुढचं लिहिते.

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर मी दुकान उघडलं, तेव्हा टबावर झाकण होतं आणि आत तुमच्या हातचं पाणी होतं. आठवड्याचा दिवस आला. जग बुडवून भरला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. तो जग रिकामा करायचा म्हणजे तुम्हाला थोडं थोडं बाहेर काढायचं, असं काहीतरी डोक्यात आलं. अर्धं पाणी परत टबात ओतलं. पुढच्या आठवड्यात अर्धाच जग काढला. नंतर नुसता पेला. काम कमी होतं, माल बरा होता, म्हणून निभावत गेलं. या वर्षी तांब्याने भरलेला माल आला आणि पेल्याने निभेना. एवढीच ती गोष्ट, आणि ती कळायला फार्मसी लागत नाही.

शेठने शेवटची पिशवी पाठवली आणि निरोप दिला की ही नीट आली तर ठीक. मी पिशवी बाजूला ठेवली. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि टबात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. तुम्ही दर आठवड्याला जगने काढलेल्या पाण्यात त्या सोडायचात, मी सगळ्या टबात सोडल्या. पट्ट्यांवर राखाडी लोकर धरावी तशी चांदी धरायला लागली आणि गळून तळाला बसत गेली. पाणी आणखी निळं झालं, आता नुसत्या तांब्याचं. चांदी सगळी उतरली याची ग्लासभर पाण्यात मिठाचा खडा टाकून खात्री केली. दूध आलं नाही. वरचं पाणी उपसलं, तळाची चांदी गोळा केली, उपसलेल्या पाण्यात भंगार लोखंड टाकून तांबं उतरवलं, मग तेजाब मारायला चुना टाकला. तुम्ही एक थेंब नालीत जाऊ देत नव्हता, मीही दिला नाही. मग जुन्या चांगल्या दिवसांतले पांढरे दाणे डब्यातून काढले, मागच्या अंगणात वाऱ्याकडे पाठ करून नायट्रिक तेजाबात विरघळवले, तांबूस धूर निघून गेला, डिस्टिल पाणी घातलं. नवं पाणी तयार झालं.

उपसायच्या आधी मी जुन्या पाण्याचा एक पेला काढून कट्ट्यावर ठेवला होता. तुम्ही नव्यात थोडं जुनं घालायचात, म्हणून. तो पेला हातात घेऊन नव्या टबापर्यंत गेले. किती निळा होता, मामाजी. मी तिथे खूप रडले. शटर अर्धं होतं, कोणी पाहिलं नसावं. मग तो पेलाही चुन्याच्या बादलीत ओतला. तुम्ही असता तर तेच केलं असतं, आणि मला इतका वेळ लागला म्हणून पुन्हा विचारलं असतं की काऊन चूप रायली.

टब आता नीट चालतो. पहिल्याच दिवशी पत्र्यावर दाणे आले ते पांढरे, जड, खरवडले की खळखळणारे. शेठ कागद घेऊन आले, दाणे ओतले, बोट फिरवलं, "अब बराबर है, भाभी," म्हणाले आणि आणखी दोन पिशव्या ठेवून गेले. नातीला फोन करून सांगितलं. ती चिडवेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त विचारलं, जेवलीस का. तुमच्या मुलालाही कळवलं. तो बरं म्हणाला. मला आनंद झाला, नाही कसा होणार, दुकान राहिलं. पण टब आता फक्त माझा आहे. ही पानं घडी घालून ड्रॉवरमध्येच ठेवणार आहे, पाठवायची तरी कुठे.

एक मात्र कबूल करते. सुरुवातीला लिहिलं की कारण सापडत नाही, ते खरं नाही. शेठ पहिल्यांदा माल परत घेऊन आले त्याच दुपारी मी पाण्याचा रंग पाहिला होता आणि मला सगळं कळलं होतं. तरी करंट उतरवला, पिशव्या शिवल्या, तारा घासत बसले. टब बिघडलेला होता तोवर तुम्हाला विचारायला काहीतरी होतं. आज सकाळपासून मी तुम्हाला एकदाही हाक मारलेली नाही.